खंडाच्या दिवसाचा मुहूर्त

९ जानेवारी

आजचाही मुलगा नापास.

चिमाजीअण्णांचं नाशकात द्वारका चौकाजवळ वधूवर सूचक केंद्र आहे. त्यांनी फोनवर छातीठोक सांगितलं होतं, "मल्हारराव, मुलगा सरकारी. गाडी घेऊन येईल." गाडी आली खरी. पांढरी, काचेवर 'महाराष्ट्र शासन'. सोसायटीच्या वॉचमनने खुर्चीतून उठून सलाम ठोकला. छायाने, म्हणजे आमच्या सौ.नी, गॅलरीतून पाहिलं आणि पोह्यांवर जादा खोबरं पेरलं. मुलगा दिसायला बरा, बोलायला नम्र. पोहे झाले, चहा झाला, मग मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, "नेमणूक कायम आहे ना?"

"अकरा महिन्यांची ऑर्डर असते काका. पण दर वेळी वाढते."

मग एकेक धागा निघत गेला. गाडी भाड्याची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, मुलगा करारावरचा. एवढ्या सगळ्या लवाजम्यात पर्मनंट काय, तर काचेवरचा स्टिकर!

मी उभा जन्म सरकारी कार्यालयात काढला. मागच्या मे महिन्यात आस्थापना शाखेचा अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. माणसाचा चेहरा मी नंतर बघतो, आधी नेमणुकीचा आदेश. दीपमाला माझी एकुलती एक मुलगी, एकोणतीस पुरी झाली. जावई पर्मनंट सरकारी हवा, एवढी एकच अट. बाकी काळा-गोरा, ठेंगणा-उंच, सगळं चालेल. ती स्वतः माझ्याच जुन्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर करारावर आहे. पण मुलीचं वेगळं.

१६ जानेवारी

जेल रोडच्या बागेत आम्हा निवृत्तांचा कट्टा बसतो. आज तिळगूळ होता, पण तोंडं गोड झाली नाहीत. जुन्या पेन्शनसाठी हल्लीच्या कर्मचाऱ्यांचा मोर्चा निघणार आहे म्हणे. मी स्पष्ट बोललो. म्हटलं, सरकार म्हणजे काय अन्नछत्र आहे का? सरकारने धंदे करू नयेत, माणसं पोसू नयेत, सगळं खासगीकडे द्यावं. कामं कशी चटाचट होतील. सरकारी माणूस काम करतो का कधी? कुणीतरी म्हणालं, "मल्हारराव, तुम्ही तर..." मी म्हटलं, अपवाद असतात.

तिथून उठून बँकेत गेलो. पेन्शन जमा झाली होती. मनाला बरं वाटलं.

छाया सिन्नरला बहिणीकडे जाऊन आली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. असल्या सवलतींनीच देश बुडणार आहे. मी तिला खासगी गाडीने जाऊ नको म्हणून बजावलं होतं, ते लोक पूर्ण पैसे घेतात.

२ फेब्रुवारी

आज प्राध्यापक आला होता. तासिका तत्त्वावर. जेवढे तास शिकवणार तेवढ्या तासांचे पैसे, मे महिन्यात शून्य. डॉक्टरेट आहे बिचाऱ्याला! मी विचारलं, "मग उन्हाळ्यात काय करता?" म्हणाला, "मामाच्या मंगल कार्यालयात वाढपी बघतो." मंगल कार्यालय मामाचं आहे, ही एक जमेची बाजू. तरी नको म्हटलं.

दीपमाला ताट घेऊन आत निघून गेली. हल्ली प्रत्येक स्थळानंतर ती उगाच हसते. कशाला हसते ते कळत नाही.

२३ फेब्रुवारी

आज कायम मुलगा आला!

वरिष्ठ लिपिक. नेमणुकीचा आदेश आणि कायमपणाचा आदेश, दोन्हींच्या झेरॉक्स त्याच्या वडिलांनी पत्रिकेबरोबरच आणल्या होत्या. काय ती शिस्त! वय अडतीस. केस कमी आहेत, पण केस काही कुणाचे कायम नसतात. मी छायाला खुणेनेच श्रीखंड काढायला सांगितलं.

मग मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलगी कायम आहे का?"

मी म्हटलं, करारावर आहे, पण माझ्याच कार्यालयात आहे, घरच्यासारखं.

"तुम्ही तर अधीक्षक होतात. तुमच्या मागे एखाद्या पक्क्या जागेवर नाही बसवता आली?"

आता अशा माणसाला प्रशासन काय समजावणार? तरी समजावलं. म्हटलं, माझी जागा आता उरलेलीच नाही. निवृत्त होण्याआधी मी स्वतः टिपणी ठेवली की हे पद आणि त्याखालची तीन पदं आता आवश्यक नाहीत, करारावर माणसं घेऊन काम भागेल. शासनाचा केवढा खर्च वाचला! निरोप समारंभात साहेबांनी त्याचा खास उल्लेख केला, शाल दोनदा घातली. एकदा फोटो नीट आला नाही म्हणून.

ते सगळे एकमेकांकडे बघायला लागले. छाया कपबश्या उचलू लागली. अजून माझा चहा संपला नव्हता.

२७ फेब्रुवारी

नकार. "आम्हाला दोघंही कायम असलेलं स्थळ बघायचं आहे."

माझं डोकंच फिरलं. माणसं माणूस बघत नाहीत, ऑर्डर बघतात! मुलगी म्हणजे काय निविदा आहे? गुण नाही, स्वभाव नाही, घराणं नाही, आधी विचारतात काय, तर कायम आहे का! शरम वाटली पाहिजे.

छाया भाजी निवडत होती. म्हणाली, "मग तुम्ही काय विचारता?"

मी म्हटलं, मी मुलीचा बाप आहे. माझं वेगळं.

८ मार्च

आज घरात बॉम्ब पडला.

जेवणं झाल्यावर दीपमाला म्हणाली, "बाबा, चिमाजीअण्णांना फोन करू नका आता. माझं ठरलंय." मुलाचं नाव स्वराज. तिच्याच कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळतो. नाशकाजवळच्या मातोरी गावचा. तीन वर्षांपासून ओळख.

मी अगदी शांतपणे विचारलं, "कायम?"

"करारावर."

मग मी शांत राहिलो नाही. म्हटलं, कंत्राटी? आमच्या घरात? अकरा महिन्यांनी उद्या त्याला घरी बसवला तर खाणार काय?

"तुम्हीच तर रोज कट्ट्यावर सांगता, कंत्राटी पद्धत चांगली म्हणून. माणूस धाकात राहून काम करतो म्हणता."

"देशासाठी चांगली आहे म्हणतो! घरासाठी नाही!"

हे बोलून गेलो आणि मलाच वाटलं, वाक्य जरा बरोबर बसलं नाही. पण विचार केला तर त्यात चूक काही नाही. देश मोठा आहे, त्याला झेपतं.

दीपमाला म्हणाली, "बाबा, देशात आपल्यासारखीच घरं आहेत हो." आणि तिच्या खोलीत गेली.

२० मार्च

घरात माझ्याशी फक्त मिक्सर बोलतो.

शेवटी मीच मातोरीला गेलो. म्हटलं, मुलाच्या घरचंच काहीतरी वावगं निघालं तर प्रश्न मिटेल. स्वराजचे वडील वारले आहेत. आई, नवसाबाई, थोड्या जमिनीवर शेवंती आणि गुलाब करते आणि पहाटे टोपल्या घेऊन नाशकात येते. मी गेलो तेव्हा बाई खुरपत होत्या. मला बघून हात झटकले, पोराला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. स्वराजने स्वतः चहा केला, बरा केला.

मी काही बोलायच्या आधी बाईच म्हणाल्या, "साहेब, राग मानू नका. तुमची पोर गुणाची हाय, म्या पाह्यलंय तिला. पर ह्या लग्नाला माझं मन नाय."

मी थक्क. विचारलं, का?

"तिची बी नोकरी तसलीच ना. माझं पोरगं कच्च्या नोकरीवर, तुमची पोरगी कच्च्या नोकरीवर. खाटंचा एक तरी पाय पक्का नको का? म्या पर्मनंट सून बघत व्हते. शेतीवाल्याला कोन पोरगी देत नाय म्हनून ह्याला लय शिकवला. आता नोकरीवाल्याला बी देईनात. मंग शिकवला कशाला?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणी माझ्या विचारांचं भेटलं. आम्ही दोघांनी दोन कप चहा घेतला आणि हे लग्न होऊ नये यावर आमचं पूर्ण एकमत झालं. स्वराज उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. निघताना बाईंनी पिशवीभर शेवंती दिली. विहीण म्हणून अगदी साजेशा बाई आहेत, हे मात्र खरं.

६ एप्रिल

रामनवमी. दीपमालाने आज पहिल्यांदा माझ्यापुढे सरळ बसून विचारलं.

"बाबा, तुम्ही म्हणता तो पर्मनंट झाल्यावर बघू. ठीक आहे. आस्थापनेत तुम्ही होतात. सांगा, किती वर्षं थांबू?"

मी कप खाली ठेवला. तिला म्हणता आलं असतं की भरती निघेल, सरकार बदलेल, कोर्ट काहीतरी करेल. पण मला माहीत आहे ना, त्या कार्यालयात आता कायम जागाच नाही. नसलेल्या जागेवर कुणाला कसा कायम करणार? माझी लेक माझ्याकडे बघत होती. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायला यायची तशी बघत होती. खोटं बोलवेना.

मी म्हटलं, "थांबू नकोस."

छाया दारामागेच होती बहुतेक. लगेच साखर घेऊन आली.

२६ एप्रिल

लग्न पाहावं करून! नवसाबाईंना मी स्वतः जाऊन पटवलं. म्हटलं, दोन कच्चे पाय एकमेकांना बांधले तर खाट उभी राहते. बाई म्हणाल्या, "बगा, तुमच्या भरवशावर." आता नवीच अडचण. तारीख मिळेना.

मुहूर्त ढीगभर आहेत. रजा नाही. कराराच्या माणसाला रजा म्हणजे पगार कापणं, आणि दोघांनी एकदम मागितली तर पुढची ऑर्डर निघताना साहेबांच्या ते लक्षात राहणार. रविवारी घ्यावं, तर कुंभमेळ्याच्या कामांमुळे रविवारीही बोलावतात.

मग मला सुचलं. खंड!

करारावर अकरा महिने झाले की एक दिवस माणसाला कामावरून कमी करायचं आणि दुसऱ्या दिवशी नवीन ऑर्डर द्यायची. त्याला तांत्रिक खंड म्हणतात. त्यामुळे सलग सेवा होत नाही आणि मला कायम करा म्हणून कुणी कोर्टात जात नाही. आमच्या कार्यालयात ही पद्धत बसवली तीसुद्धा मीच. त्या दिवशी माणूस कुणाचाच नोकर नसतो. रजा मागायला नको, कुणाची मेहेरबानी नको!

फक्त एक अडचण. दीपमालाचा खंड ३ जूनला, स्वराजचा ११ जूनला.

२९ एप्रिल

आज जुन्या कार्यालयात गेलो. निसारभाई अजून तिथेच आहेत, वर्षभराने निवृत्त होतील. आमच्या बॅचमधला शेवटचा कायम माणूस. त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, दीपमालाची मुदत आठ दिवस वाढवायची, म्हणजे दोघांचा खंड एकाच दिवशी येईल.

निसारभाई डोक्याला हात लावून हसले. "मल्हारराव, लोक पोरांना नोकरी लागावी म्हणून वशिला लावतात. तुम्ही दोघांना एकदम बेकार करायला लावताय. अल्ला, काय जमाना आला!"

टिपणीचा मसुदा मीच करून दिला. मुलीचं लग्न हे कारण लिहिता येत नाही. 'प्रशासकीय सोयीस्तव' लिहिलं. हात अजून चालतो. निसारभाई म्हणाले, "एक स्वल्पविराम इकडचा तिकडे करता येत नाही तुमच्या मसुद्यात."

७ मे

साहेबांची सही झाली! ११ जूनला माझी मुलगी आणि होणारा जावई अधिकृतरीत्या बेकार. पेढे आणले.

गुरुजी म्हणाले, त्या दिवशी पंचांगात लग्नाचा मुहूर्त नाही. मी म्हटलं, काढीव मुहूर्त काढा, आदेश निघालेला आहे. त्यांनी काढला. शेवटी तेही दक्षिणेवरच आहेत.

५ जून

दीपमाला रोज उशिरा घरी येते. तिला मीच सांगितलंय, खंडाच्या आधी टेबल स्वच्छ कर. एक कागद मागे राहिला नाही पाहिजे. उद्या कुणी बोट दाखवू नये की लग्नाच्या नादात काम ठेवलं. स्वराजलाही तेच सांगितलं. गुणी पोरं आहेत. ११ तारखेचं टपालसुद्धा आदल्या दिवशी नोंदवता येईल तेवढं नोंदवून ठेवणार म्हणाली, आणि उरलेलं कसं करायचं ते शिपायाला शिकवून ठेवलंय. हळद लागायच्या आत मेंदू रिकामा करून आली बिचारी.

छाया म्हणते, मुलीचा चेहरा उतरलाय. लग्नाआधी उतरतोच.

११ जून

झालं.

पाहुणे मोजकेच. बुधवार असल्यामुळे लोकांना सुट्ट्या नव्हत्या. कार्यालयातले निसारभाई तेवढे आले, बाकीच्यांना काम होतं. नवसाबाईंनी सगळ्या मंडपाला स्वतःच्या शेतातली फुलं लावली होती. बाई पहाटेपासून हार गुंफत होत्या. बोटांना दोऱ्याचे वळ उठले होते, तरी कुणाला हात लावू देईनात.

कन्यादानाची वेळ आली. मला वाटलं होतं मी रडणार नाही. मी रडलो. सगळ्यांसमोर, अगदी नाक लाल होईपर्यंत. ही एवढीशी होती तेव्हा तिला खांद्यावर घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या गोदेवर, गाडगे महाराज पुलाखालचं पाणी दाखवायचो. आज तिचा हात दुसऱ्याच्या हातात दिला आणि तो माणूस त्या क्षणी कुठल्याच कार्यालयाचा कोणीच नव्हता. आणि गंमत अशी की मला काही वाटलं नाही. त्याने तिचा शालू पायात अडकू नये म्हणून उचलून धरला होता. मी तेवढंच बघितलं.

निघताना दीपमाला आईला मिठी मारून रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "आई, उद्या पावणेदहाला पोचायचंय. माझी ऑफिसची चप्पल पिशवीत टाक."

१७ जून

साहेबांचा फोन! स्वतः केला. "मल्हारराव, एकदा येऊन जा. तुमच्याशी बोलायचंय."

१९ जून

कार्यालयात गेलो. साहेबांनी उठून हात मिळवला. कॉफी मागवली, चहा नाही. म्हणाले, कुंभाचं काम डोक्यावर आहे, कागद वाढलाय, आणि मसुदा लिहिता येईल असा एक माणूस इथे नाही. निवृत्त अधिकाऱ्यांना करारावर घेता येतं. तुम्ही याल का?

वर्षभर मी बागेत बसून म्हाताऱ्यांशी वाद घालतोय. सकाळी उठून दाढी का करायची, हा प्रश्न पडायला लागला होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, छायालाही नाही.

मी विचारलं, पद कुठून आणणार? साहेब म्हणाले, "पगाराची एक तरतूद मोकळी होतेय. तुमचंच मत विचारतो. एखाद्या टेबलावरचा माणूस एक दिवस नव्हता आणि काहीच अडलं नाही. टपाल वेळेवर, नोंदी वेळेवर. तर तुम्ही काय म्हणाल?"

मी ताडकन म्हणालो, "पद जादा आहे म्हणेन, साहेब."

साहेब खूष झाले. "बघा! म्हणूनच तुम्ही हवेत."

किती दिवसांनी कुणीतरी माझं मत विचारलं. बाहेर पडताना निसारभाई जिन्यात भेटले. मी त्यांना बातमी सांगितली, तर म्हणाले, "हां, मुबारक," आणि घाईने निघून गेले. वर्षभरात घरी बसावं लागणार त्यांना. माणूस आहे, वाटतं थोडं.

२० जून

पेढ्यांचा बॉक्स आणला. छायाने देवापुढे ठेवला आणि स्वतः खाल्ला नाही. तिची शुगर वाढलीय बहुधा. मातोरीला फोन केला. दीपमालाने मला बातमी पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाली, "अरे वा बाबा! खरंच?" आवाज ओला होता. बापाचं कौतुक कुठल्या मुलीला नसतं!

तिची स्वतःची ऑर्डर अजून निघालेली नाही. स्वराजची १२ तारखेलाच निघाली. मी म्हटलं, आठवडा उलटला, हा काय कारभार? ती म्हणाली, "निघेल बाबा. तोवर सासूबाईंबरोबर फुलं घेऊन जाते मार्केटला. मला आवडतं."

हे सरकारी काम! मुलीला पहाटे टोपल्या उचलायला लागतात आणि कुणा टिकोजीरावाला एक कागद पुढे सरकवता येत नाही. म्हटलं, थांब, मी रुजू झालो की पहिल्यांदा तुझी ऑर्डर काढतो. आत माणूस असला की फरक पडतो.

२९ जून

दीपमाला आणि स्वराज जेवायला आले होते. पुरणपोळी केली होती. मी नवा शर्ट घालून दाखवला. दीपमालाने कॉलर सारखी केली, मागे सरून पाहिलं आणि म्हणाली, "साहेब दिसताय." जरा वाळलीय. उन्हात हिंडते म्हणून असेल. स्वराज जेवताना मान वर करत नव्हता. मी विचारलं, माझ्या ऑर्डरचं काही ऐकलंस का रे, कुठल्या टेबलावर बसवणार आहेत? त्याला ठसका लागला. दीपमालाने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "बाबा, तुमची जुनी बॅगच न्या हं. नवी नको. जुनी शोभते."

छाया ओट्याशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून.

१ जुलै

आज रुजू झालो.

ऑर्डर अकरा महिन्यांची. सही केली. साहेबांनी गुलाबाचं फूल दिलं. वरच्या मजल्यावर माझ्यासाठी खिडकीजवळ जागा केली आहे. टेबल जुन्या अभिलेख खोलीतलं, आणि कॉम्प्युटर कुठून तरी आणून ठेवलेला. पंखा चांगला आहे. बसलो. खिडकीतून पिंपळ दिसतो. किती बरं वाटत होतं ते आता लिहून काय उपयोग.

साहेबांनी पहिलंच काम दिलं. आणखी कुठली पदं कमी करता येतील याचा अहवाल. मी कॉम्प्युटर जवळ ओढला. पडद्याच्या कडेला, डाव्या कोपऱ्यात, एक टिकली चिकटवलेली होती. मरून रंगाची, बारीक.

आमच्या बेसिनवरच्या आरशावर तशाच आहेत. बारा-तेरा असतील. छाया अजून त्या काढत नाही.

मी निसारभाईंना हाक मारली. ते आले. मी बोट दाखवलं. त्यांनी टिकलीकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

"मल्हारराव, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मी विचारलं, तिची ऑर्डर कुठे अडकलीय?

"अडकलेली नाहीये. निघणारच नाहीये. लग्नाच्या दिवशी आवक-जावकला एक कागद अडला नाही. साहेब म्हणाले, मग माणूस कशाला? तिच्याच तरतुदीतून तुमची ऑर्डर निघाली. पद गेलं ते गेलं, आता परत होत नाही. तुम्ही राजीनामा दिला तरी तिला मिळणार नाही. सगळं नियमात आहे. तुमच्याच पद्धतीने."

साहेबांनी विचारलं होतं आणि मी किती पटकन बोललो होतो. पद जादा आहे. विचारसुद्धा केला नाही. जवळजवळ तीन आठवडे ती पोरगी पहाटे मार्केटला टोपल्या उचलते आहे आणि मी शर्ट दाखवतो आहे. माझी कॉलर सारखी केली तिने. मला रडायचं होतं आणि तिथे रडता येत नव्हतं.

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं का नाही?

निसारभाई खिडकीकडे बघत म्हणाले, "ती स्वतः इथे येऊन सगळ्यांना सांगून गेली. तुमच्या घरीपण तसंच सांगितलंय तिने. म्हणाली, बाबांना कळू देऊ नका. वर्षभराने कुठे ते पहिल्यासारखे हसायला लागलेत."

नंतर मी दिवसभर बसलो. अहवालाची एक ओळ लिहिली नाही. दुपारी डबाही उघडला नाही. एकदा उठलो, राजीनाम्याचा कागदही घेतला. मग आठवलं, तिच्या घरात आता एकच कच्ची नोकरी आहे, आणि महिनाअखेर मला जे मिळेल ते काहीतरी निमित्त काढून तिच्या हातात ठेवता येईल. दिवाळसण म्हणून, अधिक मास म्हणून. मी उठून गेलो तर तेही नाही. परत बसलो.

संध्याकाळी कुलूप लावताना निसारभाई जिन्यात थांबले होते. मी त्यांचा हात धरला.

म्हटलं, "मला कळलंय, हे तिला सांगू नका."